मोटार घ्यावी, पण कोणती ?

गेल्या मार्गशीर्षांत माझ्या पुतण्याचें डोंबिवलीहून पत्र आलें. हल्लींच्या रीतीप्रमाणें तें टपालानें न येतां मोबाइलवर आलें. तथापि आरंभीं 'तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार' लिहावयास तो विसरला नव्हता. मजकूर थोडक्यांत असा : 'मोटार घ्यावयाचें ठरविलें आहे. कोणी म्हणतो इलेक्ट्रिक घे, कोणी म्हणतो हायब्रिड घे, आणि कचेरींतील एक वडील गृहस्थ डीझेलवांचून दुसरें नांव काढूं देत नाहींत. दोन लहान मुलांना घेऊन एस्. टी.चा लांबचा प्रवास झेपत नाहीं व भाड्याची गाडी परवडत नाहीं, म्हणून म्हसळ्यास आईकडे वर्षांतून चारदांच येणें होतें. हें मनाला लागतें. कमी इंधन खाणारी गाडी घेतली तर महिन्याच्या महिन्यास येतां येईल. तुम्ही गणित शिकविलेलें आहे. कोणती घेऊं तें सांगा.'

मोटार चालविणें मला येत नाहीं. शाळेंत संस्कृत शिकविलें आणि शिक्षक अपुरे पडत तेव्हां गणितहि शिकविलें, एवढाच या विषयांत माझा अधिकार. परंतु हा प्रश्न केवळ माझ्या पुतण्याचा नाहीं. घराच्या खालोखाल मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या हातून होणारा सर्वांत मोठा खर्च म्हणजे मोटार; तींत झालेली चूक आठ-दहा वर्षें दारांत उभी राहते. म्हणून त्याला जें उत्तर लिहिलें, तेंच थोडें विस्तारून येथें देत आहें.

आपल्या शास्त्रग्रंथांच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगण्याची चाल आहे : विषय कोणता, प्रयोजन काय, त्यांचा संबंध कसा, आणि अधिकारी कोण. मोटारीच्या वादांत विषयावर सर्वच बोलतात. अधिकारी कोण, म्हणजे ही गाडी नेमकी कोणाला योग्य, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. सगळा घोटाळा येथेंच होतो. तरी प्रथम विषय पाहूं.

रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याच्या एंजिनाची यशस्वी चांचणी १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें झाली. पेट्रोलच्या एंजिनांत ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डीझेलच्या एंजिनांत हवा इतकी दाबतात कीं, ती दाबानेंच तापते व तींत सोडलेलें इंधन आपोआप पेट घेतें. या दाबामुळें इंधनांतील उष्णतेचा अधिक भाग कामीं लागतो. शिवाय एक लिटर डीझेल हें एक लिटर पेट्रोलपेक्षां जड असून त्यांत उष्णताहि सुमारें दहा टक्के जास्त असते. तेव्हां डीझेलची गाडी लिटरमागें अधिक धांवते, त्याचें सगळेंच श्रेय एंजिनाचें नव्हे.

विजेची मोटार ही नवी वस्तु नाहीं. ताशीं शंभर किलोमीटरांचा वेग प्रथम ओलांडणारी मोटार विजेचीच होती, व ती गोष्ट १८९९ सालची. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या जड व दुर्बळ असल्यामुळें ती मागें पडली. लिथियम-आयन बॅटरी निघाली आणि तिला पुन्हा दिवस आले. या बॅटरीच्या तिघां जनकांना २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पेट्रोलचें एंजिन इंधनांतील उष्णतेचा पाव ते तिसरा हिस्सा कामास लावतें आणि बाकीची हवेंत दवडतें. विजेचें यंत्र आलेल्या शक्तीपैकीं सुमारें नव्वद टक्के चाकांकडे पोंचवितें. स्वस्ताईचें मूळ येथें आहे.

हायब्रिड म्हणजे द्विशक्ति मोटार. तींत पेट्रोलचें एंजिन असतें, लहानशी बॅटरी असते व विजेचें यंत्रहि असतें. टोयोटाची 'प्रियस' ही अशी पहिली मोठ्या प्रमाणावर खपलेली मोटार जपानांत डिसेंबर १९९७ मध्यें बाजारांत आली; आपल्याकडे मध्यम किंमतीच्या हायब्रिड गाड्या मारुति, टोयोटा व होंडा यांनीं २०२२ सालीं आणल्या. तिला बाहेरून वीज द्यावी लागत नाहीं. गर्दींत रखडतांना एंजिन बंद पडून ती विजेवर सरकते, आणि ब्रेक दाबला म्हणजे वाया जाणारी गति वीज होऊन बॅटरींत जमा होते. येथें एक इशारा द्यावासा वाटतो : 'माइल्ड हायब्रिड' या नांवानें जी गाडी विकतात, ती केवळ विजेच्या बळावर धांवत नाहीं व तिची बचतहि जुजबी असते. विकत घेणाऱ्यानें नांवावर न जातां हें विचारून घ्यावें.

ब्रेकांतून वीज परत मिळविण्याची ही युक्ति आपल्या बोरघाटानें फार पूर्वीं पाहिली आहे. सन १९३० च्या सुमारास तेथें विजेचीं एंजिनें धांवूं लागलीं, त्यांतील मालगाड्यांचीं एंजिनें घाट उतरतांना तारेंत वीज परत सोडीत असत. आमच्या घोणसे घाटांतहि तोच न्याय लागू आहे. दीड हजार किलो वजनाची मोटार दोनशें मीटर उंच चढविण्यास सुमारें पाऊण युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. उतरतांना तिचा बराचसा भाग परत बॅटरींत येतो. पेट्रोलची किंवा डीझेलची गाडी उतरतांना केवळ ब्रेक तापविते.

आतां खर्चाचें त्रैराशिक. मीं पेट्रोलचा भाव लिटरला १०४ रुपये, डीझेलचा ९१ रुपये व घरगुती विजेचा युनिटला १२ रुपये धरला आहे. जाहिरातींतील अंतर प्रयोगशाळेंतलें असतें. रस्त्यावर त्याहून कमीच पडतें. म्हणून साधी पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर, हायब्रिड २२, डीझेल १८, आणि विजेची गाडी, चार्जिंगमधील गळती जमेस धरून, युनिटला ६ किलोमीटर असें मानलें. दर किलोमीटरला खर्च येतो तो असा : पेट्रोल ६ रुपये ९३ पैसे, डीझेल ५ रुपये ६ पैसे, हायब्रिड ४ रुपये ७३ पैसे, वीज २ रुपये. हमरस्त्यावरील चार्जिंग-केंद्रांत युनिटला २१ रुपये पडले तर हे २ रुपये साडेतीन होतात. वाचकांनीं माझे आंकडे पुसून आपले घालावे. रीत तीच राहील.

येथवर आलेला मनुष्य टाळी वाजवून म्हणतो, 'मग विजेचीच घ्या !' परंतु गणित येथें संपत नाहीं, येथें सुरू होतें. ज्या गाड्या इंधन वांचवितात त्यांची किंमत साध्या पेट्रोल गाडीपेक्षां अधिक असते. विजेच्या मोटारीवर वस्तु-सेवा कर अवघा ५ टक्के व इतर मोटारींवर १८ किंवा ४० टक्के आहे. तरी बॅटरीच्या मोलामुळें ती महागच पडते. त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीहून डीझेल दीड लाखानें, हायब्रिड अडीच लाखांनीं व विजेची तीन लाखांनीं महाग आहे, असें धरूं. हें जास्तीचें भांडवल इंधनाच्या बचतींतून फिटावयास विजेच्या गाडीला सुमारें ६१ हजार किलोमीटर, डीझेलला ८० हजार, व हायब्रिडला १ लाख १४ हजार किलोमीटर धांवावें लागेल.

माझा पुतण्या कचेरीस लोकलनें जातो. रविवारचें फिरणें, लग्नकार्यें आणि म्हसळ्याच्या फेऱ्या मिळून त्याचें वर्षाचें चालणें सहा हजार किलोमीटरांपलीकडे जाईल असें दिसत नाहीं. या हिशेबानें विजेच्या गाडीचें जास्तीचें मोल फिटण्यास दहा वर्षें, डीझेलचें तेरा आणि हायब्रिडचें एकोणीस वर्षें लागतात. आणि यांत व्याज धरलेंच नाहीं ! तीन लाख रुपये शेंकडा नऊ टक्क्यांनीं कर्जाऊ काढले तर पहिल्या वर्षाचें व्याज २७ हजार होतें; सहा हजार किलोमीटरांत विजेच्या गाडीनें वांचविलेले पैसे होतात सुमारें साडेएकोणतीस हजार. म्हणजे पंपवाल्यास द्यावयाचे पैसे बँकेस दिले, इतकाच फरक. हायब्रिडची स्थिति याहून वाईट : व्याज साडेबावीस हजार आणि बचत सव्वातेरा हजार.

यावरून निघणारें अनुमान प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें, पण तें खरें आहे : काटकसरीची मोटार ज्याचें चालणें फार त्यालाच परवडते. ज्याला थोडेंच चालावयाचें आहे त्यानें काटकसर विकत घेऊं नये. ती त्याला महाग पडते.

विजेच्या मोटारीचा खरा अधिकारी कोण, तें माझ्या भाच्याच्या उदाहरणानें सांगतों. तो म्हसळ्यास राहतो व नोकरीसाठीं रोज माणगांवास जाऊन येतो. गांवांतलें येणेंजाणें धरून दिवसाला साठ किलोमीटर, वर्षाचे तीनशें दिवस, म्हणजे अठरा हजार किलोमीटर. त्याचें जास्तीचें भांडवल साडेतीन वर्षांच्या आंत वसूल होतें. घरापुढें स्वतःचें अंगण असल्यामुळें रात्रीं गाडी आपल्याच दारांत चार्जिंगला लावतां येते. साठ किलोमीटरांस दहा युनिटें लागतात व पंधरा अँपियरच्या साध्या जोडणीवर तीं साडेतीन-चार तासांत भरतात. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरांची देतात. त्याचें भांडवल त्याच्या कितीतरी आधीं फिटलेलें असेल.

मात्र त्यालाहि मीं एक गोष्ट बजावली. विजेचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानें चढतो. महिन्याला अडीचशें युनिटें मोटारीचीं वाढलीं कीं घरचें बिल वरच्या टप्प्यांत जातें, आणि शेवटचीं युनिटेंच सर्वांत महाग असतात. तीं १७ रुपयांनीं पडलीं तर किलोमीटरचा खर्च २ रुपये ८३ पैसे होतो व भांडवल फिटण्यास चार वर्षें लागतात. तरी सौदा फायद्याचाच राहतो. २०२४ सालीं सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेंत तीन किलोवॉटच्या छतावरील संचास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. असा संच उघडीपीच्या दिवशीं दहा-बारा युनिटें देतो, म्हणजे बरोबर मोटारीच्या रोजच्या खुराकाइतकीं. कोंकणांतले पावसाचे चार महिने मात्र त्यांतून वजा करावे.

डीझेलची बाजूहि ऐकली पाहिजे. श्रीवर्धनच्या बाजूस माझे एक साडू सुपारीच्या व्यापारांत आहेत. त्यांचें वर्षाचें चालणें चाळीस हजार किलोमीटर, गाडींत ओझें, वाटेंत घाट, आणि मुक्काम कोठें पडेल याचा नेम नाहीं. त्यांनीं डीझेल घेतली व ती दोन वर्षांत आपलें मोल फेडते. विजेच्या गाडीस त्यांना वाटेंतल्या केंद्रांवर महागडी वीज घेऊन, वर तास-तास थांबावें लागलें असतें.

परंतु तीच डीझेल बाजारापुरती वापरणाऱ्यानें घेऊं नये. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी. एस्. सहा या नियमांमुळें डीझेलच्या धुरांतील काजळी अडविण्यास नळींत एक गाळणी बसविलेली असते. तींत सांचलेली काजळी जळून जाण्यास एंजिन बराच वेळ तापून धांवावें लागतें. आमच्या आळींतील एका निवृत्त गृहस्थांनीं हौसेनें डीझेल गाडी घेतली आणि भाजी-दुधासाठीं किलोमीटर-दीड किलोमीटर फिरविली. वर्ष पुरें होण्यापूर्वींच गाळणी तुंबून दिवा लागला आणि दुरुस्तीस मोठी रक्कम मोजावी लागली. गाडींत दोष नव्हता. अधिकारी चुकला होता. मारुति कंपनीनें तर याच नियमांच्या वेळीं, २०२० सालीं, डीझेल गाड्या करणेंच सोडून दिलें.

आमच्या बाजूच्या लोकांचा विजेच्या मोटारीवर एक आक्षेप असतो, तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. घरांचीं कौलें उडालीं, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब हजारोंनीं कोसळले, आणि श्रीवर्धन-म्हसळ्याकडील कित्येक गांवें आठवडेच्या आठवडे अंधारांत राहिलीं. त्या दिवसांत विजेची मोटार दारीं असती तर आजाऱ्यास घेऊन कशी गेली असती ? प्रश्न योग्य आहे. परंतु पेट्रोलचा पंपहि विजेवरच चालतो. जेथें जनित्र असेल तेथेंच तेल वर येतें. आणि पहिले कांहीं दिवस तर रस्त्यावर पडलेल्या झाडांनीं सर्वच गाड्यांना सारखेंच अडविलें होतें. यांतून घ्यावयाचा धडा इतकाच : वादळाची सूचना आतां आधीं मिळते, सूचना मिळतांच बॅटरी किंवा टांकी, जें असेल तें, भरून ठेवावें. ज्या घरांत वृद्ध किंवा आजारी मनुष्य आहे व एकच वाहन आहे, तेथें मात्र पावसाळ्याच्या चार महिन्यांचा विचार करूनच विजेच्या मोटारीचा निर्णय घ्यावा.

राहिला धुराचा प्रश्न. 'पैशाचें राहूं द्या, पृथ्वीसाठीं म्हणून विजेची घ्यावी कीं नाहीं ?' असें माझी नात विचारते. तिच्यासाठीं हेंहि त्रैराशिक मांडलें. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड वायु निघतो. डीझेलचा सुमारें २.७ किलो. एक युनिट वीज निर्माण होतांना आपल्या देशांत सरासरीनें सुमारें ०.७ किलो निघतो, कारण आपली बहुतेक वीज अजून दगडी कोळशाची आहे. तेव्हां किलोमीटरमागें पेट्रोल गाडी १५३ ग्रॅम, डीझेल १५०, विजेची ११७ आणि हायब्रिड १०५ ग्रॅम वायु सोडते. तेलाच्या शुद्धीकरणांत व बॅटरीच्या घडणींत जो वायु निघतो तो वेगळाच. म्हणजे आज हायब्रिड व विजेची गाडी या बाबतींत जवळजवळ तुल्यबळ आहेत. भेद पुढें पडतो. हायब्रिडचा धूर जन्मभर तेवढाच राहणार. विजेच्या गाडीचा मात्र वीज जसजशी स्वच्छ होईल तसतसा घटणार. आणि तो आपल्या दारांत, मुलांच्या नाकाशीं निघत नाहीं, हा लाभ तर आजच पदरांत पडतो.

पाण्याच्या विजेचा वारसा आमच्या रायगड जिल्ह्यास मोठा आहे. टाटांचीं खोपोली, भिवपुरी आणि भिरा हीं तिन्ही वीजकेंद्रें याच जिल्ह्यांत १९१५, १९२२ व १९२७ या सालीं सुरू झालीं. भिऱ्यास पाणी येतें तें मुळशीच्या तलावाचें; त्यासाठीं जमिनी बुडाल्या आणि १९२१ सालीं सेनापति बापटांचा मुळशी सत्याग्रह उभा राहिला. म्हणून नातीला सांगितलें, 'बाळ, कोणतीहि शक्ति फुकट मिळत नाहीं. कोणी ना कोणी तिचें मोल देत असतो. आपण देतों तें कमींत कमी असावें, एवढेंच आपल्या हातीं.' खरें पाहतां सर्वांत कमी मोल पडतें तें अनेकांनीं मिळून एका गाडींत बसण्याचें. एस्. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर धांवली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजीं तिची 'शिवाई' ही विजेची गाडी सुरू झाली. जेथें एस्. टी.नें निभतें तेथें मोटार चारहि प्रकारांनीं हरते.

एवढें मांडून मग पुतण्याला निर्णय लिहिला. तो असा : 'तूं राहतोस ती इमारत जुनी, गाडी उभी राहणार रस्त्याच्या कडेला, तेथें चार्जिंगची सोय नाहीं. तेव्हां विजेची गाडी घेतलीस तर ती महागड्या केंद्रांवरच भरावी लागेल. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या मोटारींना पथकर माफ आहे हें खरें, पण डोंबिवलीहून पनवेलकडे उतरणाऱ्यास तो सेतु लागतच नाहीं. तुझें चालणें थोडें, म्हणून हायब्रिड आणि डीझेल दोन्ही तुला महाग. साधी लहान पेट्रोलची गाडी घे. चांगली तपासून जुनी मिळाली तर आणखी बरें.

'आतां मुख्य गोष्ट. डोंबिवली ते म्हसळें जाऊन-येऊन सुमारें ३२० किलोमीटर. साध्या पेट्रोल गाडीला एका फेरीस २,२१८ रुपये लागतात. विजेच्या गाडीच्या जास्तीच्या तीन लाखांवर तूं पहिल्या वर्षीं जें सत्तावीस हजार व्याज भरणार, त्यांत अशा बारा फेऱ्या होतात. दर महिन्यास एक. म्हणजे महिन्याच्या महिन्यास आईला भेटावें ही तुझी इच्छा पुरी करावयास काटकसरीची गाडी नको. ती न घेतल्यानेंच इच्छा पुरी होते. वहिनींना तूं कोणत्या इंधनावर आलास याचें कौतुक नाहीं. त्या संध्याकाळीं ओटीवर बसून माणगांवच्या बाजूनें येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकत असतात.'

उत्तर लगेच आलें नाहीं. तरुण मनुष्यास नवी वस्तु सोडणें कठीण जातें, आणि सोसायटींतील दुसऱ्याच्या दारीं नवी गाडी उभी असली म्हणजे अधिकच. माघांत एका शनिवारीं रात्रीं नऊच्या सुमारास दारांत गाडी थांबली. पेट्रोलची, सहा वर्षांपूर्वींची, रंग थोडा उतरलेला. मुलें आधीं उतरलीं. वहिनींनीं ताटें मांडलीं. फाल्गुनांतहि ती गाडी आली.

ज्या वाचकांना मोटार घ्यावयाची आहे त्यांनीं दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं एक कागद घेऊन चार ओळी लिहाव्या : वर्षाचें चालणें किती, गाडी रात्रीं उभी कोठें राहणार, कर्ज किती काढणार, आणि जावयाचें कोणाकडे. पहिल्या तीन ओळींवरून गाडी कोणती तें ठरेल. चौथीचें उत्तर लिहितां येत नसेल, तर घाई करूं नये.